४० अंश म्हणजे २० अंशांच्या दुप्पट गरम?

‘२० अंशांवरून पारा ४० वर गेला, म्हणजे तापमान दुप्पट झालं’ हा हिशेब वर्षानुवर्षं फिरतोय. गोंधळ साहजिक आहे. ‘अंश’ हाच शब्द आपण कोनालाही लावतो आणि ४० अंशांचा कोन खरोखरच २० च्या दुप्पट असतो. तिथं शून्य म्हणजे कोनच नाही. सेल्सिअसचं शून्य मात्र फक्त बर्फ वितळण्याची खूण आहे, तापमान संपल्याची नव्हे.

पडताळायचंय? तीच दोन तापमानं फॅरनहाइटमध्ये लिहा: ६८ आणि १०४. दुप्पट कुठं गेली? खऱ्या तळापासून, म्हणजे ज्याच्या खाली तापमान जाऊच शकत नाही त्या सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून मोजलं तर २९३ आणि ३१३. वाढ जेमतेम सात टक्के. (अंगाला ती तेवढीच वाटत नाही, हे मान्य!)