क्वालिटी सर्कल

एकाच विभागात शेजारी शेजारी काम करणाऱ्या सहा ते दहा-बारा जणांनी आपणहून एकत्र यायचे, आठवड्यातून साधारण तासभर बसायचे, आपल्याच कामातली एक अडचण निवडायची, तिचे कारण शोधायचे आणि उपाय स्वतः करून पाहायचा, या पद्धतीला क्वालिटी सर्कल म्हणतात. छापील मराठीत ‘गुणवत्ता मंडळ’ किंवा ‘गुणवत्ता वर्तुळ’ असे शब्द दिसतात. कारखान्यात मात्र ‘क्यूसी’ किंवा नुसते ‘सर्कल’ म्हटले जाते. नाव गुणवत्तेचे असले तरी या पद्धतीचे खरे काम बोलते करण्याचे आहे. मशीनवर आठ तास उभा राहणारा माणूस जे जाणतो ते केबिनपर्यंत पोहोचावे आणि केबिनमधून त्याला उत्तर मिळावे, एवढ्यासाठी ही सारी रचना आहे.

सर्कलचा जन्म जपानमधला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाने, म्हणजे ‘जूस’ने, कारखान्यांत संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण, म्हणजे आकडेवारीच्या आधारे मालाचा दर्जा सांभाळणे, रुजवायचे काम हाती घेतले. 1950 मध्ये एडवर्ड्स डेमिंग आणि 1954 मध्ये जोसेफ जुरान या अमेरिकी तज्ज्ञांची व्याख्याने झाली. पण ती ऐकणारे प्रामुख्याने अभियंते आणि व्यवस्थापक होते. प्रत्यक्ष माल घडवणारे फोरमन आणि कामगार या शिक्षणाबाहेर राहिले. तोक्यो विद्यापीठातले प्राध्यापक काओरू इशिकावा (1915–1989) यांनी ही उणीव ओळखली. 1962 मध्ये जूसने खास फोरमनसाठी एक मासिक सुरू केले आणि त्यांना ते स्वतःच्या खिशातून घेता यावे म्हणून किंमत मुद्दाम कमी ठेवली. एकट्याने वाचायला घेतलेले मासिक बाजूला पडते, म्हणून गटाने बसून वाचा, असे संपादकांनी सुचवले. हे वाचनगट म्हणजेच पहिली सर्कल्स. त्याच वर्षी मात्सुयामा शहरातल्या सरकारी टेलिफोन खात्याच्या कर्मचाऱ्यांचा गट पहिले सर्कल म्हणून नोंदला गेला. सर्कलची सुरुवात अशी अभ्यासातून झाली, हे विसरले की पुढे त्याची नुसती स्पर्धा होऊन बसते.

रचना साधी असते. सदस्य, त्यांनीच निवडलेला लीडर, अडले तर मदत करणारा फॅसिलिटेटर आणि वर एक सुकाणू समिती. विषय सर्कलने निवडायचा. पगार, बढती, रजा, कोणा एकाविरुद्धची तक्रार हे विषय इथे घ्यायचे नाहीत, त्यासाठी युनियन आणि इतर वाटा आहेत. साधनेही मोजकी, ‘सात साधने’ म्हणून ओळखली जाणारी. तपासपत्रक, पॅरेटो आलेख (कारणे मोठ्यापासून छोट्याकडे मांडणारा), हिस्टोग्राम (मापे कशी विखुरली ते दाखवणारा), नियंत्रण आलेख (माप मर्यादेत आहे का ते दाखवणारा) वगैरे. त्यातले सर्वांत लाडके साधन म्हणजे खुद्द इशिकावांनी रूढ केलेला फिशबोन, म्हणजे माशाचा सांगाडा. डोक्याच्या जागी अडचण लिहायची आणि काट्यांवर माणूस, मशीन, मटेरियल, मेथड या चार ‘एम’खाली सुचतील ती सारी कारणे. त्यानंतर ‘व्हाय-व्हाय’, म्हणजे आलेल्या प्रत्येक उत्तराला पुन्हा ‘का?’ विचारत मुळापर्यंत जाणे.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते एका नमुन्यावरून पाहू. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथच्या लाईनवर एका भागाचा बोअर, म्हणजे आतले भोक, मापाबाहेर जातो आहे आणि रिजेक्शन वाढले आहे. आधीची पद्धत ठरलेली: साहेब विचारणार, ‘कोणाच्या शिफ्टला झालं?’ आणि सगळे माना खाली घालणार. सर्कलमध्ये पहिल्या बैठकीत दोष कोणाचा हे विचारायचेच नाही. महिनाभर मशीनजवळ एक तपासपत्रक टांगायचे आणि भाग रिजेक्ट झाला की त्या तासाच्या चौकटीत एक रेघ ओढायची. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. महिनाअखेर कागद टेबलावर पसरला की कोणी काही सांगण्याआधी रेघाच सांगतात: पहिल्या शिफ्टच्या पहिल्या तासाची चौकट भरून गेली आहे, बाकीच्या जवळपास रिकाम्या आहेत. मग एखादा तरुण ऑपरेटर कोपऱ्यात बसलेल्या जुन्या माणसाकडे वळतो, ‘मामा, तुम्ही सांगा, सकाळी काय वेगळं असतं?’ आणि वर्षानुवर्षे गप्प राहिलेले मामा सांगतात, ‘मशीन थंड असतंय. तापेपर्यंत माप सरकतं. मी पहिले चार-पाच जॉब डोळ्यांत तेल घालून बघतो, ऑफसेट देतो, म्हणजे मशीनवर माप तेवढं सरकवून घेतो, मग निवांत.’ म्हणजे उपाय लाईनवरच होता, एका माणसाच्या हातात. मशीन काही मिनिटे रिकामे फिरवून तापवायचे आणि पहिला जॉब मोजूनच पुढे जायचे, एवढे कामाच्या पद्धतीत लिहिले की ती मामांची हातोटी सगळ्या शिफ्टची होते.

या प्रसंगात मशीनइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मामांना विचारले गेले. त्यांनी आधी का सांगितले नसेल? कोणी विचारले नाही म्हणून, आणि सांगितले तर आपल्याच गळ्यात पडेल या धास्तीने. डेमिंग यांनी व्यवस्थापनासाठी जी चौदा सूत्रे मांडली, त्यांतले आठवे हेच आहे: भीती घालवा. तपासपत्रकाचे मोल इथे कळते. कागदावरची रेघ कोणाचे नाव घेत नाही, म्हणून बोलणे माणसांवरून कामावर येते. आकडे सर्वांसमोर असले की नवख्या पोराला आणि वीस वर्षे काढलेल्या माणसाला सारखेच बोलता येते.

भारतात ही पद्धत 1980 मध्ये हैदराबादजवळ रामचंद्रपुरमच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या कारखान्यात सुरू झाली. तिथले एस. आर. उडपा यांनी पुढाकार घेतला आणि 1982 मध्ये क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. संस्थेची केंद्रे देशभर आहेत, त्यांत पुण्याचेही आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात सर्कल हा शब्द कामगाराच्या घरातही माहीत असतो, कारण सर्कल्स जिथे आपले काम सादर करतात त्या अधिवेशनाची ट्रॉफी आणि प्रमाणपत्र कपाटावर दिसते. ज्या ऑपरेटरने आयुष्यात कधी माईक धरला नाही तो स्टेजवर उभा राहून, मराठीतून, आपला पॅरेटो आलेख समजावून सांगतो. आपल्या भाषेत सादर करायची मुभा ही यातली फार मोलाची गोष्ट. इंग्रजी स्लाईड वाचून दाखवण्याची सक्ती झाली की अनुभवी माणसे मागे सरकतात आणि डिप्लोमावाली दोन मुलेच सगळे बोलतात. कारखान्यांबाहेर बँका, रुग्णालये आणि शाळांतही सर्कल्स झाली. लखनौच्या सिटी माँटेसरी स्कूलने ती विद्यार्थ्यांत नेली.

भारतातल्या वर्क्स कमिटीशी सर्कलची गल्लत होऊ नये. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी वर्क्स कमिटीची तरतूद केली. तीत मालक आणि कामगार दोघांचे प्रतिनिधी असतात आणि ती दोन बाजूंमधले मतभेद मिटवण्यासाठी आहे. सर्कलला कायद्याचा आधार नाही आणि तिथे बाजू नसतात, असायला नकोत.

अमेरिकेत 1974 मध्ये लॉकहीड कंपनीने सर्कल्स सुरू केली. पाठोपाठ शेकडो कंपन्यांनी त्यांचे अनुकरण केले, पण बरीचशी सर्कल्स काही वर्षांतच थंडावली. एडवर्ड लॉलर आणि सुसान मोरमन या अभ्यासकांनी 1985 मध्ये दाखवून दिले की सर्कल ही मूळ व्यवस्थेला समांतर चालणारी रचना असते. सुचवायचा अधिकार तिला मिळतो, निर्णयाचा नाही. पहिल्या सोप्या अडचणी सुटल्या की पुढच्या सूचना मधल्या अधिकाऱ्यांच्या टेबलावर अडकतात. सर्कल बंद पडण्याचे मुख्य कारण इथेही तेच आहे. नकार माणूस पचवतो. ‘पाहतो’ म्हणून सहा महिने काहीच न कळवणे त्याला पचत नाही. ज्या सुपरवायझरला सर्कलने शोधलेला उपाय आपल्यावरचा ठपका वाटतो, तो ती बैठक दर आठवड्याला ‘डिस्पॅच आहे’ म्हणून पुढे ढकलत राहतो.

स्वेच्छेचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. जपानमध्ये टोयोटाच्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या अतिश्रमाने झालेल्या मृत्यूच्या खटल्यात नागोया जिल्हा न्यायालयाने 2007 मध्ये सर्कलचे कामही कामाच्या तासांतच धरले. त्यानंतर 2008 पासून कंपनीने सर्कलच्या साऱ्या वेळेसाठी ओव्हरटाईम द्यायला सुरुवात केली. हा निकाल प्रत्येक फॅसिलिटेटरने वाचायला हवा. शिफ्ट सुटल्यावर, बस निघायच्या बेतात असताना घेतलेली ‘ऐच्छिक’ बैठक ऐच्छिक नसते. ती शिफ्टमध्ये, लाईन थांबवून घेतली जाते तेव्हाच कामगाराला कळते की आपल्या बोलण्याची इथे किंमत आहे.

आपल्याकडे आणखी एक अडचण वाढली आहे. लाईनवरची बरीच माणसे आता कंत्राटी असतात, काही महिन्यांत बदलतात, आणि सर्कलमध्ये कायम कामगारच बसतात. दोष ज्याच्या हातून पकडला जातो तोच बैठकीबाहेर राहतो. फिशबोनच्या ‘माणूस’ या काट्यावर मग एकच कारण लिहिले जाते, ‘नवीन ऑपरेटर, प्रशिक्षण नाही’, आणि ते ज्याच्याबद्दल लिहिले तो त्या वेळी बाहेर मशीन चालवत असतो.