मैत्री आणि मोहीम

मंडळीबाहेरच्या, म्हणजे आपल्या चर्चबाहेरच्या माणसांशी नातं जोडा, असं उपासनेत आपण कितीदा तरी ऐकतो. पण ऐकून घरी जाणाऱ्यांपैकी कुणाला शेजाऱ्याशी मैत्री करायची असते, तर कुणाला शेजाऱ्यापर्यंत सुवार्ता, म्हणजे येशूविषयीचा शुभसंदेश, पोहोचवण्याची मोहीम चालवायची असते. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आजारपणात भेटायला जाणं, मुलांच्या परीक्षेची चौकशी, अडीनडीला धावणं. म्हणून गल्लत होते, आणि पुष्कळदा ती करणाऱ्यालाही कळत नाही.

मोहिमेला ठरलेला मुक्काम असतो. त्या माणसानं एकदा उपासनेला यावं, वचन ऐकावं, विश्वास ठेवावा. तिथवर नेण्यासाठी ओळख वाढवायची. मैत्रीत तो माणूसच हवा असतो.

हा फरक सर्वांत लख्ख दिसतो तो नकाराच्या वेळी. मार्काच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायात एक धनवान माणूस धावत येऊन येशूपुढे गुडघे टेकतो. येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, असं मार्क लिहितो. हे वाक्य कुठे आलंय ते बघा. ‘सगळं विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये’ हे बोलणं त्यानंतरचं आहे. तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. येशू अट सैल करत नाही आणि त्याला अडवतही नाही. पण त्याच्यावरची प्रीती त्याच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली नव्हती.

आपलं काय होतं? ‘मला तुमच्या प्रार्थनासभेत रस नाही’ असं कुणी सरळ सांगितलं की हळूहळू फोन कमी होतात. त्या माणसाच्या ते लक्षात येतं. मागच्या सगळ्या भेटी तो नव्यानं आठवून पाहतो, आणि प्रत्येक भेटीमागे त्याला हेतू दिसू लागतो. ही जखम खोल असते. एखाद्या नास्तिकाच्या युक्तिवादानं जेवढी सुवार्तेची हानी होत नसेल, तेवढी यानं होते, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी खूण म्हणजे मित्राकडून घेणं. मोहीम नेहमी देत राहते: मदत, सल्ला, पुस्तिका. मैत्रीत हात पसरावाही लागतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 4थ्या अध्यायात येशू थकून विहिरीपाशी बसला आहे, भर दुपार आहे, आणि त्याच्याजवळ पाणी काढायला काहीही नाही. ज्यांच्याशी यहूदी संबंध ठेवत नसत, त्या शोमरोनी समाजातल्या बाईकडे तो पाणी मागतो. पुढचं सगळं संभाषण त्या मागण्यातून उघडतं. लोक ज्याला पापी म्हणत, त्या जकातदार जक्कयाकडेही तो पाहुणा होऊन जातो. आपल्या संकटात आपण कधी मंडळीबाहेरच्या मित्राला हाक मारली आहे का? तो आपल्यासाठी कधी रात्र जागला आहे का? नसेल, तर ते नातं अजून एकाच बाजूनं वाहतंय.

आता उलट बाजूची चूक. मैत्री निखळ राहावी म्हणून विश्वासाचं नावच काढायचं नाही, असं काही जण ठरवून टाकतात. जी गोष्ट माझ्या जगण्याच्या मुळाशी आहे ती मित्रापासून लपवणं, ही कसली मैत्री? येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्रात (3:15) याची वाट सापडते: आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. विचारलं जाण्याइतकं जवळ जाणं हे त्यात गृहीत आहे. प्रेषित पौलही थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहितो की आम्ही तुम्हांला सुवार्ताच नव्हे, तर आपला जीवही द्यायला राजी होतो. दोन्ही एकाच वाक्यात. 2011 साली जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकनची आंतरधर्मीय संवाद परिषद आणि जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स यांनी मिळून साक्षीविषयी, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगण्याविषयी, एक निवेदन काढलं. त्यातही साक्ष द्यायची हे ठाम आहे, आणि लोकांच्या गरिबीचा व गरजेचा फायदा घ्यायचा नाही, हेही तितकंच ठाम आहे.

मग मोहीम म्हणून सुरू झालेलं नातं मैत्री होऊ शकतं का? यहूदी नसलेल्या कर्नेल्य नावाच्या रोमी अधिकाऱ्याच्या घरी पेत्र गेला तो निरोप सांगायला. निरोप सांगून झाला, बाप्तिस्मे झाले, काम संपलं. तरी त्या घरच्यांनी आग्रह केला, आणखी काही दिवस राहा. पुढे यरुशलेमेत पेत्राला जाब विचारला गेला, तेव्हा आरोप उपदेशाचा नव्हता. तू त्यांच्या घरी गेलास आणि त्यांच्या पंक्तीला जेवलास, हा होता.