इचलकरंजीचा यंत्रमाग उद्योग

कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगेकाठी वसलेल्या इचलकरंजी शहरातील विकेंद्रित कापड उद्योग. शहराला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात, पण ही उपमा फारशी जुळत नाही. इथे प्रचंड गिरण्यांपेक्षा पत्र्याच्या शेडमधले, कित्येकदा राहत्या घराला लागून असलेले चार-आठ मागांचे कारखानेच जास्त. बदलत्या बाजारात हा उद्योग टिकला तो याच विखुरलेपणामुळे, आणि आता अडतो आहे तोही त्याचमुळे.

पहिला यंत्रमाग इथे 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी आणला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे अशा उद्योगांना प्रोत्साहन होते. सुरुवातीची अनेक वर्षे मागावर रंगीत लुगडी निघत. नऊवारीचा खप ओसरला तेव्हा गाव धोतर, मलमल, पॉपलीन, केंब्रिक अशा पांढऱ्या कापडाकडे वळले. माग तेच राहिले, सूत आणि गिऱ्हाईक बदलले. सहकारी सूतगिरण्यांनी सुताची सोय गावाजवळच केली. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांचे विणकाम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीकडे आणखी सरकले.

लवचीकपणाचे मूळ कामाच्या वाटणीत आहे. व्यापारी सूत घेतो, सायझिंगमध्ये ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लागून बीम (ताणा गुंडाळलेला रूळ) भरते, मागावर कच्चे कापड विणले जाते आणि प्रोसेसिंगमध्ये त्याची धुलाई-रंगाई होते. प्रत्येक टप्प्याचा मालक बहुधा वेगळा. त्यामुळे एखाद्या वाणाची मागणी पडली तरी सगळे भांडवल एकाच ठिकाणी अडकत नाही.

या साखळीतला ‘खर्चीवाला’ समजून घेतल्याशिवाय उद्योग कळत नाही. माग, शेड, वीजबिल आणि कामगाराचा पगार त्याचा. सूत आणि कापड मात्र व्यापाऱ्याचे. त्याला मिळते ती मजुरी, तीही पिकावर. कापडाच्या एका इंचात आडवे धागे जितके, तितके पीक. प्रत्येक पिकामागे मीटरला काही पैसे ठरतात. मंदी आली की व्यापारी बीम देणे थांबवतो, माग बंद पडतात आणि हप्ते चालूच राहतात. साखळीची जोखीम वाटली जाते असे म्हणतात खरे, पण ती सारखी वाटली जात नाही. कामगारांच्या मजुरीचा प्रश्नही इथे धुमसत असतो. 2013 मध्ये मोठा संप झाला होता.

खरी कसोटी लागली ती उदारीकरणानंतर. 1999 मध्ये केंद्राने तंत्रज्ञान सुधार निधी योजना आणली आणि 2005 च्या आरंभी कापडाच्या जागतिक व्यापारातील कोटा, म्हणजे देशवार निर्यातीची मर्यादा, संपला. धोट्याने आडवा धागा इकडून तिकडे नेणारा साधा माग मिनिटाला 150 धाग्यांच्या आसपास रेंगाळतो; हवेच्या झोताने धागा फेकणारा एअरजेट 600 च्या पुढे जातो आणि कापडात दोषही कमी राहतात. ज्यांच्या हाती स्वतःचे कापड होते त्यांनी रॅपिअर (दांड्याने धागा ओढून नेणारे बिनधोट्याचे माग), एअरजेट बसवले. खर्चीवाल्याला ते परवडले नाही, कारण मजुरीतून नव्या यंत्राची गंगाजळी साठत नाही. सरकारी अनुदान असले तरी बँकेचे कर्ज आधी लागते, आणि कर्जाला तारण लागते. पुढे 2016 ची नोटाबंदी आणि 2017 चा जीएसटी लागोपाठ आले. रोखीवर आणि तोंडी हिशेबावर चालणाऱ्या धंद्याला वर्षभरात दोनदा सवय मोडावी लागली. वीजदराची सवलत हा इथला कायमचा राजकीय प्रश्न; साध्या मागाचे गणित अजून तिच्यावरच तगून आहे. अनेक जुने माग किलोच्या भावाने भंगारात गेले.

प्रोसेसिंगची अडचण वेगळी, पाण्याची. पंचगंगेच्या प्रदूषणात रंगाईच्या सांडपाण्याचा वाटा आहे आणि शहराला स्वच्छ पाण्यासाठी दूरच्या नद्यांकडे पाहावे लागते. नगरपालिकेची 2022 मध्ये महानगरपालिका झाली, तरी हा प्रश्न सुटलेला नाही.

नव्या यंत्रांबरोबर कामांची नावेही जात आहेत. एअरजेटला बाणा, म्हणजे आडवा धागा, थेट सुताच्या कोनवरून मिळतो. त्याला धोटा नाही, म्हणून धोट्यात बसणारी सुताची कांडी नाही, आणि कांड्या भरणाऱ्या हातांना तिथे काम नाही. त्या हातांत बायकांचे हात बरेच होते.