खोल पाण्यात धाप का लागते?

पट्टीचा पोहणारा किंवा रोज 10 किलोमीटर धावणारा माणूस स्कूबा डायव्हिंगमध्ये आपोआप सुरक्षित असतो, हा समज मला धोकादायक वाटतो. जमिनीवर कमावलेला दमसास खाली जाताना घटत जातो.

30 मीटर खोलीवर दाब चौपट असतो. त्यामुळे डायव्हर जी हवा ओढतो तीही चौपट दाट असते, लिटरला साधारण 5 ग्रॅम. एवढी दाट हवा श्वासनलिकांमधून सरकवायलाच कष्ट पडतात. जोर लावून उच्छ्वास सोडावा, तर त्याच जोराने बारीक नलिका दबतात आणि हवेचा वेग वाढायचा थांबतो. एका मिनिटात जास्तीत जास्त जेवढी हवा आत-बाहेर करता येते, ती इथे जवळपास निम्म्यावर येते. ऑक्सिजन भरपूर असतो, पण कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. तो साचला की धाप लागते. धापेने श्वासाच्या स्नायूंना जास्त राबावं लागतं आणि तेच स्नायू आणखी कार्बन डायऑक्साइड तयार करतात. मग डोकं ठणकतं, भीती दाटते, विचार सुचेनासे होतात.

रिब्रीदर म्हणजे सोडलेलाच श्वास शुद्ध करून पुन्हा वापरायला देणारं उपकरण. त्यात उच्छ्वास ‘सोडा लाइम’ या कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या पदार्थाच्या डब्यातून फिरून परत येतो, आणि त्याला फिरवायचं काम डायव्हरची छातीच करते. 8 जानेवारी 2005 रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या बोसमन्सगाट या जलमय गुहेत रिब्रीदर वापरणारे डायव्हर डेव्हिड शॉ 270 मीटरवर एक मृतदेह सोडवण्याची धडपड करत होते. त्यांच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात श्वास जलद होत गेल्याचं ऐकू येतं. त्यांचा मृत्यू याच दुष्टचक्रामुळे झाला, असा निष्कर्ष नंतरच्या अभ्यासातून निघाला.

मग व्यायाम फुकट का? मुळीच नाही. पाण्यात उतरताच पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, ते पेलायला हृदय धडधाकट हवं. अचानक प्रवाह लागला, तर ताकदीची शिल्लकही हवी. पण दुप्पट वेगाने पोहायला सुमारे आठपट शक्ती लागते, म्हणून दणकट पायांच्या भरवशावर घाई करणारा स्वतःच संकट ओढवून घेतो. ‘फुफ्फुसांची क्षमता वाढवा’ म्हणून विकली जाणारी उपकरणं हवेची घनता कमी करत नाहीत. टाकीतली हवा जास्त वेळ पुरावी म्हणून श्वास रोखत राहणं तर उलट कार्बन डायऑक्साइड साठवणं आहे.

धाप जाणवली की फिन्स (पायांत घालायचे पोहण्याचे पंखे) मारणं लगेच थांबवायचं, खडकाचा आधार घ्यायचा, सावकाश पूर्ण उच्छ्वास सोडायचा आणि सोबत्याला खूण करून हळूहळू वर सरकायचं. 20 मीटरवर आलात, तरी हवेची घनता पाव हिश्शाने उतरलेली असते.