खरा प्रोपेलर आणि भिंतीवरची नक्कल

नाशिकमध्ये जुन्या लाकडी सामानाच्या एका दुकानात मला विमानाचा दोन पात्यांचा पंखा दाखवून सांगितलं, "ओझरचा माल आहे, साहेब." नाशिकजवळच्या ओझरचा एचएएलचा (हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा) विमान कारखाना १९६४ मध्ये सुरू झाला तो मिग-२१ साठी. मिग हे जेट विमान, त्याला पंखाच नसतो. आपल्याकडे लाकडी प्रोपेलर शोधायचा तर टायगर मॉथसारख्या शिकाऊ विमानाची आठवण ठेवावी.

खरा पंखा आणि शोभेची नक्कल भिंतीवर टांगली की सारखीच दिसतात. फरक सापडतो तो मधल्या जाड भागात, हबवर. जुन्या ब्रिटिश पंख्यावर तिथे पोलादी पंच ठोकून उमटवलेली अक्षरं असतात. ड्रॉइंग नंबर, अनुक्रमांक, इंजिनाचं नाव, अश्वशक्ती आणि पुढे 'डी' व 'पी'. ओळ थोडी वाकडी, अक्षरांची खोली कमीजास्त, कारण काम हाताचं. 'एआयडी' हा शिक्का ब्रिटिश तपासणी खात्याचा. जर्मन पंख्यावर अश्वशक्ती 'पीएस'मध्ये (अश्वशक्तीचं जर्मन लघुरूप) असते. नकलेवर मात्र बहुतेक वेळा नजरेत भरणारी पितळी पट्टी किंवा कोरलेलं साल दिसतं. ठशात १९१७ सारखा चार आकडी नंबर असला तरी लगेच साल समजू नये, तो ड्रॉइंग नंबरही असू शकतो.

पण ठसे ठोकायला नक्कल करणाऱ्यालाही पंच मिळतात. म्हणून ठसा आणि लाकूड एकमेकांशी जुळतात का, हे पाहावं. माझा सगळ्यात जास्त भरवसा या परीक्षेवर आहे. 'डी' म्हणजे व्यास, बहुतेकदा मिलिमीटरमध्ये. टोकापासून टोकापर्यंत टेप लावला की कळतो. (टोक तुटून छाटलेलं नसेल तर.) 'पी' म्हणजे पिच. लाकडात स्क्रू शिरतो तसा पंखा एका फेऱ्यात किती पुढे जाईल, तो आकडा. समजा डी २५०० आणि पी १८०० आहे. हबच्या मध्यापासून ९३७ मिमीवर, म्हणजे त्रिज्येच्या पाऊण अंतरावर, पात्याच्या सपाट बाजूचा कोन साधारण १७ अंश यायला हवा आणि अर्ध्या अंतरावर जवळपास २५. म्हणजे पातं हबकडे जास्त पिळलेलं, टोकाकडे कमी. नकलेत हा पीळ अनेकदा सगळीकडे एकसारखा असतो, किंवा नसतोच.

लाकूडही बोलतं. खरा पंखा एका फळीतून कोरलेला नसतो. महोगनी, अक्रोड अशा लाकडाचे पातळ थर सरसाने चिकटवून तो घडवत, त्यामुळे पात्यावर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या वळणदार रेघा दिसतात. बोल्टची छिद्रं झिजलेली आणि हबवर लोखंडी तबकडी दाबून बसल्याची खूण असते. टोकावर पितळी पत्रा असेल तर त्यात बारीक छिद्रं शोधा. आत शिरलेलं पाणी फिरताना बाहेर फेकलं जावं म्हणून ती ठेवलेली असतात. शोभेच्या पंख्याला त्यांची गरज नसते.

ठसे सापडलेच, तर पॉलिशवाल्याकडे पंखा नेऊ नका, सँडपेपर पहिल्यांदा तेच पुसतो. हबवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा, अक्षरं कागदावर उठतील.