खरखरीचा माग

टेबलावर नवा दिवा लागला आणि रेडिओ गुरगुरायला लागला. दिवा घरीच जुळवलेला: एलईडीची पट्टी आणि तिला 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करून देणारा बोटभर बक कन्व्हर्टर. मिडियम वेव्हवर काटा सरकवत गेलो, तर गुरगुर 600 किलोहर्ट्झच्या आसपास भेटली, मग 750ला, मग 900ला. दर वेळी अंतर 150चं. कन्व्हर्टरमधली चिप सेकंदाला दीड लाख वेळा वीज चालू-बंद करते, म्हणजे 150 किलोहर्ट्झ. अशा चौकोनी लहरीत मूळ वारंवारतेच्या पटीतल्या वारंवारताही असतात. चालू-बंद जितकं झटक्यात, तितक्या त्या वरपर्यंत जातात.

असं अंतर हाती लागलं नाही, तर रेडिओ सेलवर चालवायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. यूपीएस बंद करायला मात्र विसरू नका, तो मेन पाडल्यावरही गुपचूप चालूच असतो. गुरगुर थांबली की एकेक सर्किट पुन्हा चालू करत जायचं.

रेडिओ गोल फिरवून दिशा काढता येते असं म्हणतात. दूरच्या स्टेशनसाठी ते खरं आहे: आतली अँटेना म्हणजे फेराइट या चुंबकीय पदार्थाची कांडी, तिचं टोक स्टेशनकडे झालं की आवाज पडतो. घरात ही युक्ती फसवते, कारण भिंतीतली वायरिंगच गोंगाट घरभर फिरवत असते.

आणि खरी मेख वायरीतच आहे. 1 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 300 मीटर, कन्व्हर्टरची एवढीशी पाटी (सर्किट बोर्ड) तिला एकटी काय फेकणार? मी रेडिओ कन्व्हर्टरपासून दूर नेत गेलो, पण वायरीला धरून. गुरगुर कमी होईना. वायरीपासून हातभर बाजूला घेतला की लगेच मंद. अँटेनाचं काम दीड मीटरची सप्लायची वायर करत होती.

इलाज पाटीवरच सुरू होतो: कन्व्हर्टरच्या इनपुटला अगदी चिकटून सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे गोंगाट तिथल्या तिथे जिरवणारा छोटा भाग, पाय शक्य तितके आखूड. दोन्ही वायरींना एकमेकींभोवती पीळ. शेवटी फेराइटची रिंग. नुसती क्लिप अडकवली तर मिडियम वेव्हवर फारसा फरक पडत नाही, कारण तो एकच वेढा झाला. दोन्ही वायरी एकत्र धरून आठ वेढे घेतले, तर इंडक्टन्स (झपाट्याने बदलणाऱ्या विजेला अडवण्याचा वायरीचा गुण) वेढ्यांच्या वर्गाने वाढून साधारण 64 पट होतो. माझी गुरगुर इथेच थांबली.

एफएमवर मात्र गुन्हेगार वेगळ्या आवाजात बोलतो. मायक्रोकंट्रोलरला (उपकरण चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपला) ठोके देणाऱ्या 16 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलची सहावी पट 96 मेगाहर्ट्झ, थेट एफएमच्या पट्ट्यात. तिथे गुरगुर शोधत बसू नका. स्टेशन नसलेल्या जागी जी सरसर ऐकू येते, ती त्या एका ठिकाणी एकदम गप्प होते.