नांदूर मध्यमेश्वर जलाशय

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी ब्रिटिश काळात दगडी बंधारा घातला, त्याच्यामागे पाणी तुंबून झालेला हा तलाव. बोलताना मधमेश्वर, कागदावर मध्यमेश्वर, दोन्ही चालतं.

बंधाऱ्याच्या सालाबद्दल एकमत नाही. बहुतेक जण १९०७ ते १९१३ देतात, काही ठिकाणी नुसतं १९११ लिहिलेलं असतं. पहिला कालखंडच जास्त पटतो, कारण नदीतलं एवढं काम एका सालात उरकत नाही, आणि ज्या दारणा धरणाच्या पाण्यावर कालवे चालतात ते सुद्धा साधारण १९१६ चं धरतात, म्हणजे सगळी योजना टप्प्याटप्प्यानेच झाली असणार.

हे साठवणीचं धरण नाहीच मुळी, लोक इथेच चुकतात. दारणेतून सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच खाली येतं, ते इथे अडवून पातळी फक्त कालव्यांच्या तोंडापर्यंत चढवायची आणि डाव्या-उजव्या कालव्यातून कोपरगाव, राहात्याकडे पाठवायचं, एवढंच बंधाऱ्याचं काम. पण पुराचं गढूळ पाणी भिंतीमागे संथ झालं की गाळ खाली बसतो, दर पावसाळ्यात थोडा थोडा, आणि शंभर वर्षांत त्याची बेटं झाली, तळ वर आला, कडेला पाणकणीस आणि लव्हाळा माजला. इंजिनिअरच्या हिशोबाने हे नुकसान, पण पक्ष्यांना नेमकं असंच उथळ पाणी लागतं! चमचा (चमच्यासारख्या चोचीचा पक्षी), चित्रबलाक यांना चिखलात उभं राहून खाता येतं, थापट्या, तलवार बदकं हिवाळ्यात इथे उतरतात ती त्यामुळेच. मुद्दाम कोणी आखलेलं नव्हतं हे, गाळाने घडवलं.

पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी याला, राजस्थानातल्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून, महाराष्ट्राचं भरतपूर म्हटल्याचं सांगतात. अभयारण्य १९८६ पासून, क्षेत्र सुमारे १०० चौरस किमी. रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलेली ही राज्यातली पहिली पाणथळ जागा, त्याचंही साल दोन प्रकारे लिहितात, नोंद जून २०१९ ची पण बातमी जानेवारी २०२० मध्ये आली, तेव्हा २०१९ धरणंच बरोबर. रामसरचं क्षेत्र १,४३७ हेक्टर, अभयारण्याच्या आकड्याशी त्याची गल्लत करू नये.

पक्षी बघायला चापडगाव, खाणगाव थडी या गावांकडे जायचं.

अलीकडे जलपर्णी फार पसरते. तिने पाणी झाकलं की उथळ जागा असूनही पक्ष्यांच्या उपयोगाची राहत नाही, आणि ती कुजून परत गाळातच भर पडते.